हलकी तोफ आणि जाड चिलखत

नाशिककरांना तोफांचा आवाज नवा नाही. देवळालीला भारतीय सैन्याची तोफखाना शाळा आहे आणि तिथल्या मैदानावर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांतून तो घुमणारा आवाज ऐकू येतो. दर वर्षी तिथे होणारी 'तोपची' नावाची प्रात्यक्षिके तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असतील. अशा वेळी आपले लक्ष साहजिकच मोठ्या तोफांकडे जाते. जितकी लांब नळी, जितका मोठा धमाका, तितके कौतुक अधिक.

आज आपण ज्या तोफांची ओळख करून घेणार आहोत त्या मात्र अगदी लहान होत्या. इतक्या लहान, की चार माणसांनी ढकलत शेताच्या बांधाआड नेऊन लपवाव्यात. त्यांचे काम एकच होते, समोरून येणारा रणगाडा थांबवणे. पहिले महायुद्ध संपले १९१८ साली आणि दुसरे सुरू झाले १९३९ साली. मधल्या वीस वर्षांत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सैन्याने अशी एक हलकी रणगाडाविरोधी तोफ तयार केली. ती उत्तम बनली, हजारोंच्या संख्येने तयार झाली आणि युद्ध सुरू होऊन एकदोन वर्षे होतात न होतात तोच अपुरी ठरली. असे का झाले? याचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात आणि भूमितीत दडलेले आहे. चला, ते शोधून काढू.

चिलखत आले, मग उत्तर आले

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या रणभूमीवर ब्रिटिशांचे रणगाडे प्रथमच लढाईत उतरले. चिखलातून रांगत येणारी, गोळ्यांना दाद न देणारी ही लोखंडी धुडे पाहून समोरचे जर्मन सैनिक चक्रावून गेले. पण त्या रणगाड्यांचे चिलखत फार जाड नव्हते. जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या जाडीइतके. साध्या बंदुकीची गोळी अडावी एवढाच त्याचा हेतू होता.

जर्मनांनी प्रथम उत्तर शोधले ते बंदुकीतच. १९१८ साली माउझर कारखान्याने १३.२ मि.मी. व्यासाची गोळी झाडणारी एक अजस्र बंदूक बनवली. तिचे वजन सुमारे १८ किलो होते. एका वेळी एकच गोळी भरता येई आणि खांद्याला बसणारा धक्का असा जबरदस्त असे की नेमबाज तिच्यावर खूश नसत. माणसाच्या खांद्याला किती धक्का सोसवेल याला मर्यादा आहे. म्हणून चिलखत थोडे जरी जाड झाले तरी बंदूक सोडून तोफेकडे वळणे भाग होते. खांद्याऐवजी धक्का सोसायला जमीन हवी.

आता तुम्ही विचाराल, तोफा तर आधीपासून होत्याच, मग नवी कशाला? मैदानी तोफा दूरवर, उंच कमानीत गोळे टाकण्यासाठी केलेल्या होत्या. त्या जड होत्या, उंच होत्या आणि झटकन आडव्या फिरत नसत. रणगाडा हे हलणारे लक्ष्य आहे. त्याच्यासाठी तोफ कशी हवी याची यादी त्या काळच्या अभियंत्यांनी केली ती साधारण अशी होती. ती बुटकी हवी, म्हणजे गवतात किंवा झुडपात लपेल. हलकी हवी, म्हणजे पायदळाचे जवान ती स्वतः ढकलत नेतील. तिची नळी डावीउजवीकडे चटकन वळायला हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचा गोळा अत्यंत वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत जायला हवा.

वेगाचा आग्रह का?

एक सोपे गणित करू. समजा एक रणगाडा ताशी २० किलोमीटर वेगाने तुमच्यासमोरून आडवा चालला आहे. म्हणजे तो दर सेकंदाला सुमारे ५.६ मीटर पुढे जातो. तो ५०० मीटर अंतरावर आहे आणि तुमच्या गोळ्याचा सरासरी वेग सेकंदाला ७०० मीटर आहे. गोळ्याला पोचायला सुमारे ०.७ सेकंद लागतील. तेवढ्यात रणगाडा ४ मीटर पुढे सरकलेला असेल. म्हणजे तोपचीने रणगाड्यावर नेम न धरता त्याच्या जवळजवळ एक लांबी पुढे धरायला हवा. गोळ्याचा वेग निम्मा असता तर ८ मीटर पुढे धरावा लागला असता आणि रणगाड्याच्या वेगाचा अंदाज जरासा चुकला तरी गोळा वाया गेला असता.

शिवाय गुरुत्वाकर्षण आहेच. ०.७ सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे अडीच मीटर खाली पडते. वेग निम्मा झाला तर वेळ दुप्पट होतो आणि पडणे चौपट होते, म्हणजे जवळपास १० मीटर. मग अंतराचा अंदाज अचूक असल्याशिवाय गोळा लागणार नाही. समोरून रणगाडा येत असताना अंतर मोजत बसायला वेळ कोणाला असतो!

वेगाचे तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. चिलखत फोडते ती गोळ्याची गतिज ऊर्जा. तुम्हाला सूत्र ठाऊकच आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वस्तुमान दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते.

या नियमाची एक सोपी चाचणी तुम्ही वर्गात करू शकता. एका पसरट भांड्यात ओली, मळलेली माती भरून तिचा पृष्ठभाग सपाट करा. एक जड गोटी प्रथम २५ सेंटिमीटर उंचीवरून सोडा आणि मातीत पडलेला खळगा मोजा. मग तीच गोटी १ मीटर उंचीवरून सोडा. उंची चौपट झाल्यामुळे गोटीचा वेग दुप्पट झालेला असेल. पहिल्या वेळी तो सेकंदाला सुमारे २.२ मीटर होता, दुसऱ्या वेळी ४.४ मीटर. खळगा किती मोठा झाला ते पाहा. नंतर तितक्याच आकाराची पण अधिक जड अशी लोखंडी गोळी घ्या आणि पुन्हा मोजा. शिक्षकांनी या मापांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यास एक तास छान सत्कारणी लागेल.

राइनमेटालची तोफ

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्याची बंदी होती. रणगाडे नसलेल्या सैन्याला दुसऱ्यांच्या रणगाड्यांची भीती जास्त! १९२४ साली राइनमेटाल या जर्मन कारखान्यात ३७ मि.मी. व्यासाच्या एका तोफेचे काम सुरू झाले. १९२८ च्या सुमारास ती तयार झाली तेव्हा तिला लाकडी आऱ्यांची चाके होती आणि ती घोड्याने ओढायची होती. पुढे मोटारीमागे वेगाने ओढता यावी म्हणून तिला धातूची चाके आणि हवा भरलेले टायर बसवले. हीच पुढे 'पाक ३६' या नावाने प्रसिद्ध झाली.

लढाईच्या जागी मांडल्यावर तिचे वजन सुमारे ३२८ किलो होते. लासलगावच्या बाजारातल्या कांद्याच्या सहा-सात गोणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. उंची जेमतेम तुमच्या छातीपर्यंत. गोळ्याचे वजन ६८५ ग्रॅम आणि नळीच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला ७६२ मीटर.

या गोळ्याची ऊर्जा किती? सूत्रात आकडे घाला. उत्तर येईल सुमारे १ लाख ९९ हजार ज्यूल. वेगवान गोलंदाजाने ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२८ ज्यूल असते. म्हणजे असे दीडहजार चेंडू एकाच क्षणी, एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर येऊन आदळले असे समजा.

पण न्यूटनचा तिसरा नियम विसरून चालणार नाही. गोळा पुढे जाताना तोफेला मागे ढकलतो. एवढी हलकी तोफ प्रत्येक वेळी उडी मारून मागे गेली तर नेम पुन्हा पुन्हा धरावा लागेल. यावर दोन युक्त्या होत्या. पहिली, नळी घट्ट न बसवता ती एका पाळण्यावर मागे सरकू द्यायची. तेलाने भरलेले नळकांडे तिचा जोर हळूहळू खाऊन टाकते आणि स्प्रिंगा तिला परत जागेवर आणतात. क्रिकेटचा झेल घेताना तुम्ही हात मागे नेता ना, तेच तत्त्व. दुसरी युक्ती, तोफेच्या गाड्याचे मागचे दोन दांडे कैचीसारखे फाकवायचे. प्रत्येकाच्या टोकाला नांगराच्या फाळासारखे पाते असते. ते जमिनीत रुतते आणि तोफ जागची हलत नाही. दांडे फाकलेले असल्याने नळी डावीउजवीकडे बरीच वळवता येते.

एकच प्रश्न, अनेक उत्तरे

ही रचना इतकी पसंत पडली की अनेक देशांनी तिचा आधार घेतला. सोव्हिएत रशियाने १९३० साली ती राइनमेटालकडून विकतच घेतली आणि लवकरच तिच्या गाड्यावर ४५ मि.मी. ची मोठी नळी बसवली. अमेरिकेने ती अभ्यासून १९३८ साली स्वतःची ३७ मि.मी. ची तोफ पक्की केली. स्वीडनच्या बोफोर्स कारखान्याने ३७ मि.मी. ची आणखी एक सुबक तोफ केली. पोलंड आणि फिनलंडच्या सैन्यांनी ती वापरली. होय, हाच तो बोफोर्स कारखाना, ज्याच्या १५५ मि.मी. च्या मोठ्या तोफा पुढे भारतीय तोफखान्यात आल्या आणि १९९९ च्या कारगिल युद्धात गाजल्या.

फ्रेंचांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या १९३४ च्या हॉचकिस तोफेचा व्यास फक्त २५ मि.मी. होता. गोळा ३२० ग्रॅमचा, पण वेग सेकंदाला ९१८ मीटर. ब्रिटिशांनी १९३६ च्या सुमारास '२ पाउंडर' स्वीकारली. तिचा व्यास ४० मि.मी., गोळा १.०८ किलोचा आणि वेग सेकंदाला ७९२ मीटर. तिची चाके काढून ती तीन पायांच्या बैठकीवर ठेवीत, म्हणजे नळी कुंभाराच्या चाकासारखी चौफेर फिरे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या वाट्यालाही हीच तोफ आली.

या तोफांची तुलना कशी करायची? नुसती ऊर्जा पाहून चालणार नाही. टाचणी आणि बोथट खिळा सारख्याच जोराने दाबला तर टाचणी आधी घुसते. म्हणून ऊर्जेला गोळ्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागून पाहू. दर चौरस सेंटिमीटरला येणारी ऊर्जा अशी निघते :

जर्मन ३७ मि.मी. : सुमारे १८,५०० ज्यूल
रशियन ४५ मि.मी. : सुमारे २६,००० ज्यूल
ब्रिटिश ४० मि.मी. : सुमारे २७,००० ज्यूल
फ्रेंच २५ मि.मी. : सुमारे २७,५०० ज्यूल

पाहा, फ्रेंचांची इवलीशी तोफ ब्रिटिश तोफेच्या बरोबरीला आली! मग सर्वांनी २५ मि.मी. चीच तोफ का केली नाही? कारण हे आकडे नळीच्या तोंडाशी असलेले आहेत. हवा गोळ्याला अडवते आणि हलका गोळा लवकर मंदावतो. कागदाचा बोळा आणि दगड सारख्याच वेगाने फेकून पाहा. शिवाय २५ मि.मी. चा गोळा चिलखतातून आत गेला तरी आत फारसे नुकसान करीत नसे. फ्रेंचांनाही हे उमगले होते. म्हणूनच त्यांनी १९३७ साली ४७ मि.मी. ची एक तोफ केली. तिची दर चौरस सेंटिमीटरची ऊर्जा येते सुमारे ३६,५०० ज्यूल. ती त्या काळातल्या उत्कृष्ट तोफांपैकी एक होती. मात्र तिचे वजन एक टनाच्या वर गेले होते. इथेच आपल्या मुख्य प्रश्नाचे बीज आहे.

घनाचा नियम

समजा एखाद्या तोफेचे प्रत्येक माप आपण दुप्पट केले. नळीची लांबी दुप्पट, व्यास दुप्पट, पत्र्यांची जाडी दुप्पट. वजन किती होईल? लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही दुप्पट झाल्यामुळे वजन दोनाच्या घनाइतके, म्हणजे आठपट होईल. गोळ्याचे वजनही आठपट होईल. वेग तोच ठेवला तर ऊर्जा आठपट होईल. पण गोळ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट झालेले असेल. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरची ऊर्जा किती वाढली? आठ भागिले चार, फक्त दुप्पट.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गोळ्याचा वेग आणि आकार तोच ठेवला तर भेदता येणाऱ्या चिलखताची जाडी व्यासाच्या प्रमाणात वाढते, पण तोफेचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जाडीचे चिलखत भेदायचे असेल तर आठपट जड तोफ ओढण्याची तयारी ठेवा!

हा नियम प्रत्यक्षात कितपत खरा ठरतो ते तपासू. ३७ मि.मी. ची तोफ ३२८ किलोची आहे, तर ४५ मि.मी. ची किती असावी? ४५ ला ३७ ने भागून घन करा आणि ३२८ ने गुणा. उत्तर येते सुमारे ५९०. रशियन तोफेचे प्रत्यक्ष वजन होते सुमारे ५६० किलो. ब्रिटिशांच्या पुढच्या '६ पाउंडर' तोफेचा व्यास होता ५७ मि.मी. आपला हिशेब सांगतो सुमारे १,२०० किलो. प्रत्यक्षात ती सुमारे १,१४० किलोची होती. त्यांच्या '१७ पाउंडर'चा व्यास ७६.२ मि.मी. हिशेब सांगतो सुमारे २,८६० किलो, प्रत्यक्षात सुमारे ३,०००. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या अभियंत्यांनी केलेल्या तोफा, पण भूमिती सर्वांना सारखीच लागू पडली.

अर्थात हा नियम काटेकोर नाही. ४० मि.मी. च्या ब्रिटिश तोफेचे वजन हिशेबाने ४१५ किलोच्या आसपास हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे ८१४ किलो होते. चौफेर फिरण्याच्या सोयीची ही किंमत. उलट जर्मनांनी पुढे केलेली ७५ मि.मी. ची तोफ हिशेबापेक्षा बरीच हलकी, सुमारे १,४२५ किलोची निघाली. तिच्या नळीच्या तोंडाशी एक छिद्रे असलेले टोपण होते. स्फोटाचा वायू त्यातून बाजूला वळे, त्यामुळे मागचा धक्का कमी होई आणि गाडा हलका करता येई. चांगल्या रचनेने नियमाला थोडे वाकवता येते, पण त्याच्यातून सुटका नाही. १,४२५ किलोची तोफ चार माणसांना चिखलातून ढकलत नेणे अशक्यच.

आता दुसऱ्या पक्षाचा विचार करा. रणगाड्याला मोठे एंजिन बसवले की तो जास्त जाड चिलखत वाहू शकतो. वजन वाढले तरी ते एंजिन ओढते. हलक्या तोफेचे एंजिन म्हणजे माणसांचे हात. एंजिने दरवर्षी सुधारत गेली. माणसाचे हात होते तसेच राहिले.

स्पेनचा धडा

१९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले. तिथे रशियन 'टी-२६' रणगाडे आणि जर्मन ३७ मि.मी. तोफा समोरासमोर आल्या. रणगाड्याचे चिलखत होते अवघे १५ मि.मी. तोफेने ते सहज भेदले. या एकाच अनुभवातून दोन वेगळे धडे घेतले गेले. तोफ बनवणाऱ्या बऱ्याच जणांनी म्हटले, आपली तोफ पुरेशी आहे. रणगाडे बनवणाऱ्यांनी म्हटले, आपले चिलखत अपुरे आहे. पहिले जागच्या जागी राहिले, दुसरे कामाला लागले.

ब्रिटिशांनी 'माटिल्डा' रणगाडा केला. त्याचे पुढचे चिलखत सुमारे ७८ मि.मी. जाड होते. रशियनांनी 'टी-३४' केला. त्याच्या पुढच्या पत्र्याची जाडी ४५ मि.मी. च होती, पण तो पत्रा उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेला होता. आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यातून किती अंतर कापावे लागेल? ४५ ला ६० अंशांच्या कोज्येने, म्हणजे अर्ध्याने भागा. उत्तर ९० मि.मी.! काकडी सरळ कापण्याऐवजी तिरकी कापली की चकती लांबट निघते, तसेच हे. शिवाय तिरक्या पत्र्यावरून गोळा घसरून जाण्याचीही शक्यता असते.

परिणाम लवकरच दिसला. २१ मे १९४० रोजी फ्रान्समधल्या आरास गावाजवळ माटिल्डा रणगाडे पुढे आले तेव्हा जर्मन तोपचींचे ३७ मि.मी. चे गोळे त्यांच्यावरून उडून जाऊ लागले. शेवटी ८८ मि.मी. च्या विमानविरोधी तोफा आणि मैदानी तोफा वापरून त्यांना अडवावे लागले. ८८ मि.मी. ची तोफ सुमारे पाच टनांची. आपल्या घनाच्या नियमाने उत्तर येते सुमारे साडेचार टन. जर्मन सैनिक आपल्या ३७ मि.मी. तोफेला थट्टेने 'दार ठोठावणारी' म्हणू लागले. दार वाजते, पण उघडत नाही!

या थट्टेमागची वेदना विसरू नका. रणगाडा जवळ येईपर्यंत न हलता वाट पाहायची, नेम धरायचा, गोळा अचूक लागल्याचे डोळ्यांनी पाहायचे आणि तरीही तो पुढे येतच आहे हे पाहायचे. कागदावरच्या हिशेबात राहिलेल्या उणिवेची किंमत त्या बांधाआडच्या चारपाच जवानांनी मोजली.

ब्रिटिशांचीही गत वेगळी नव्हती. ६ पाउंडरची रचना युद्धापूर्वीच सुरू झाली होती. पण १९४० साली फ्रान्समधून माघार घेताना त्यांना शेकडो २ पाउंडर तोफा मागे टाकाव्या लागल्या. आता कारखान्यांनी काय करावे? नवी तोफ सुरू करायची तर यंत्रे बदलावी लागणार, कामगारांना नव्याने शिकवावे लागणार आणि तेवढे महिने हाती काहीच नसणार. म्हणून जाणूनबुजून जुनीच तोफ बनवत राहण्याचे ठरले. तुम्ही त्या जागी असता तर काय ठरवले असते? विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

६ पाउंडर आफ्रिकेच्या वाळवंटात मोठ्या संख्येने पोचेपर्यंत १९४२ चा उन्हाळा उजाडला. तोवर मैदानी तोफांनाच रणगाड्यांसमोर उभे राहावे लागे. २७ मे १९४२ रोजी लिबियात बीर हकीमजवळ तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटालियन रणगाडे चालून आले. दुसऱ्या भारतीय फील्ड रेजिमेंटच्या तोपचींनी आपल्या २५ पाउंडर मैदानी तोफांनी समोरासमोर त्यांच्याशी झुंज दिली. ब्रिगेड शेवटी मोडली, पण तोपचींच्या लढ्याची दखल घेतली गेली. त्यातले एक अधिकारी, पी. पी. कुमारमंगलम, यांना पदक मिळाले. हेच पुढे १९६६ ते १९६९ या काळात भारताचे सरसेनापती झाले. पुढे आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढलेल्या दलांत चौथी मराठा रणगाडाविरोधी रेजिमेंटही होती.

तोफ जुनी कधी होते?

पण थांबा. याच २ पाउंडरने जानेवारी १९४२ मध्ये मलायात बाक्री गावाजवळच्या रस्त्यावर जपानी रणगाड्यांची रांगच्या रांग निकामी केली. तोफा ऑस्ट्रेलियन सैन्याच्या होत्या आणि त्याच आघाडीवर ४५ वी भारतीय ब्रिगेड लढत होती. तोफ तीच, मग निकाल वेगळा कसा? कारण जपानच्या 'हा-गो' या हलक्या रणगाड्याचे चिलखत जास्तीत जास्त १२ मि.मी. होते. तोफ जुनी झाली की नाही हे तिच्या वयावर ठरत नाही. समोरच्या चिलखतावर ठरते.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर नाशिकहून अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जा. तिथे १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. माटिल्डा, हा-गो आणि जर्मनांची ८८ मि.मी. ची तोफ, तिन्ही तिथे पाहायला मिळतात. शाळेची सहल काढण्यासारखी जागा आहे.

वजनाच्या कोंडीतून सुटका

घनाच्या नियमाशी झुंजताना अभियंत्यांनी नाना प्रयोग केले. व्यास वाढवता येत नसेल तर वेग वाढवा, असा एक मार्ग. गेर्लिख नावाच्या जर्मन अभियंत्याने निमुळत्या नळीची कल्पना पुढे नेली. तीवर आधारलेल्या १९४१ च्या तोफेची नळी मागे २८ मि.मी. आणि तोंडाशी २० मि.मी. होती. गोळा बाहेर पडताना चेपला जाई आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,४०० मीटर होई. एवढ्या वेगाने आदळल्यावर पोलादाचा गोळा स्वतःच फुटतो. म्हणून आतला गाभा टंगस्टन कार्बाइडचा करावा लागे. टंगस्टन जर्मनीत दुर्मिळ. कारखान्यांतल्या कापयंत्रांनाही तेच हवे. त्यामुळे ही युक्ती फार दिवस चालली नाही.

खरी सुटका झाली ती वेगळ्याच तत्त्वाने. स्फोटक द्रव्याला पुढून शंकूच्या आकाराचा खळगा ठेवून त्याला धातूचे अस्तर लावले, की स्फोटाच्या वेळी त्या धातूची एक सुईसारखी, प्रचंड वेगवान धार निघते आणि ती चिलखतात घुसते. इथे गोळा किती वेगाने आला याला महत्त्व उरत नाही. मग लांब, जड नळीही नको आणि भारी गाडाही नको. १९६५ च्या युद्धात, १० सप्टेंबरला, खेमकरणच्या बाजूला असल उत्तर येथे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मि.मी. च्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ती तोफ स्फोटाचा वायू मागून सोडून देणारी, म्हणून धक्का न देणारी होती. तिचे वजन सुमारे २१० किलो, म्हणजे १९२८ च्या ३७ मि.मी. तोफेहूनही कमी!

वेगाचा मार्गही बंद पडला नाही. आजच्या रणगाड्यांच्या मोठ्या तोफा जड धातूची लांब, बारीक बाणासारखी सळई झाडतात. बारीक असल्याने तिच्या टोकावर ऊर्जा एकवटते आणि लांब असल्याने ती हवेत फारशी मंदावत नाही. फ्रेंचांच्या २५ मि.मी. तोफेची अडचण अशी सुटली. आपल्या 'अर्जुन' रणगाड्याची तोफ आणि तिचे असे बाण पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झाले.

आता तुमच्यासाठी एक गणित. एका तोफेचा व्यास ५० मि.मी. आहे. ३७ मि.मी. च्या तोफेवरून तिचे वजन किती असावे ते काढा. मग असाच घनाचा नियम आणखी कुठे लागू पडतो ते शोधा. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते, पण हत्तीला ते का जमत नाही? उत्तर याच लेखात आहे.